मना भ्या वाटतं

काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून ताई पुढे वाकल्या की नव्या पेशंटला वाटायचं, बाई आपलं तोंड बघतायत. तोंडाशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. त्या बघायच्या दाराशी ठेवलेला चपलांचा रॅक. तुम्ही आत्ता काढलेल्या चपला न्याहाळून झाल्या की मग वर नजर करून म्हणायच्या, "बस गो, दम घे." बाप्या असला तर "बस रं." आणि महिन्यातून दोन-तीनदा असं व्हायचं की त्या काहीच म्हणायच्या नाहीत. उठायच्या, आतलं दार अर्धं उघडायच्या आणि हळूच सांगायच्या, "डाक्टर, मना भ्या वाटतं."

बस्स, एवढंच. ताप किती, दुखतंय कुठे, काही नाही. मला भीती वाटते. आणि आमचे डॉक्टर, जे सख्ख्या मेव्हण्यासाठीसुद्धा हातातला पेशंट सोडून उठले नसते, ते तडक उठून बाहेर यायचे.

तुमच्या दवाखान्यातही अशी एखादी बाई असेल. नंबर देणारी, "अजून तिघं आहेत" म्हणणारी, तुम्ही मनातल्या मनात शिव्या घालता ती. मीही घातल्यात, लहानपणी कल्याणला, आईचा हात धरून बाकड्यावर ताटकळताना. आपल्याला वाटतं ही बाई आपल्याला अडवायला बसलीय. मी तीन वर्षं तशा एका बाईच्या शेजारच्या खुर्चीत बसले, म्हणून सांगते. ती बाई आपल्यासाठी घाबरत असते.

ताई कोलशेतच्या, खाडीकाठच्या कोळ्यांच्या. सासू मासळी घेऊन बसायची, थोडे दिवस ताईही बसल्या, मग नवरा गेल्यावर डॉक्टरांच्या दवाखान्यात लागल्या त्या लागल्याच. बावीस वर्षं. नर्सिंग वगैरे काही शिकलेल्या नव्हत्या. "मासा ताजा हाय का ते डोल्यावरनं कलतं," म्हणायच्या, "नि मानूस बरा हाय का ते पायावरनं. तोंड काय, तोंड खोटंच बोलतं." आमचा दवाखाना गावठाण आणि नवे टॉवर यांच्या बरोबर मधे. त्यामुळे रॅकवर कोळणींच्या रबरी स्लिपरांना खेटून टॉवरवाल्यांचे बूट. ताईंना त्यातलं सगळं वाचता यायचं.

मी आले ती कंपनीबरोबर. डॉक्टर साठीला आलेले, एकट्याने रेटणं होईना, म्हणून त्यांनी एका आरोग्य कंपनीशी करार केला. पूर्वी जितके पेशंट तितकी फी. आता उलटं. आजूबाजूच्या सोसायट्या, गावठाण आणि दोन-तीन कारखाने यांच्या कुटुंबांची नोंदणी, त्यात ताईंच्या घराचीही, माणशी वर्षाला ठरलेले पैसे, मग तुम्ही एकदा या नाहीतर शंभरदा. दवाखान्याला वर जे मिळायचं ते लोक किती धड राहिले त्यावर. शुगर ताब्यात आहे का, बीपी ताब्यात आहे का, आणि सगळ्यात मोठं म्हणजे हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ किती कमी जणांवर आली. कल्पना वाईट नव्हती हो. मी आजही म्हणते. सुया टोचून कमावण्यापेक्षा लोकांना उभं ठेवून कमवा, यात वाईट काय आहे?

पण एकदा नाव नोंदवलं की येणं फुकट, हे कळल्यावर लोक असे लोटले की विचारू नका. शिंक आली की आले. मुलाला परीक्षेत कमी मार्क पडले म्हणून ताकदीचं औषध मागायला आले. एक बाई तर कुकरची वाफ लागली म्हणून आल्या, आणि लागली होती नवऱ्याला, तो घरी टीव्ही बघत बसलेला. या गर्दीत खरा आजारी माणूस मागे राहायला लागला. म्हणून कंपनीने टॅब दिला आणि टॅब चालवायला मला घेतलं.

टॅबमध्ये प्रश्न. छातीत दुखतं का, किती दिवस, श्वास लागतो का. उत्तरं भरली की रंग येतो. लाल म्हणजे लगेच डॉक्टर. पिवळा म्हणजे उद्याची वेळ. हिरवा म्हणजे घरी जा, फोनवर सल्ला मिळेल. लोकांना घरी पाठवायचं काम माझं. पहिल्या दिवशी मी नवी साडी नेसून आलेले, आणि दुपारपर्यंत माझ्या पोटात असा गोळा आला की डबा उघडवेना. सकाळपासून बावीस हिरव्यांना मी परत पाठवलं होतं. त्यातला एखादा खोटा हिरवा असला तर?

"आलं का पोटात?" ताईंनी विचारलं.

"काय?"

"भ्या."

मी मान हलवली. ताई माझा डबा त्यांच्याकडे ओढून म्हणाल्या, "बरं झालं. ज्या दिशी नाय येनार ना, त्या दिशी सांग. दुसरं काम बघू तुझ्यासाठी." आणि माझी भेंडीची भाजी खाऊन टाकली.

त्याच आठवड्यात टॉवरमधले एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, टापटीप, इस्त्रीचा शर्ट. ऍसिडिटी म्हणाले. टॅबने विचारलं ते सगळं मी विचारलं, ते हसून उत्तरं देत होते. हिरवा. मी सांगणार तेवढ्यात ताई काउंटरवरून वाकल्या. रॅकवर त्यांची एक चप्पल काळी होती आणि एक तपकिरी.

ताई उठल्या. दार अर्धं उघडलं. "डाक्टर, मना भ्या वाटतं."

कार्डिओग्राम काढला आणि डॉक्टरांनी स्वतः ऍम्ब्युलन्सला फोन केला. ते गृहस्थ वाचले, पुढे पेढे घेऊन आले. मी ताईंना विचारलं, कळलं कसं तुम्हाला? "अगो, इस्त्रीचा शर्ट घालनारा मानूस. त्याचे पाय कुठं जातायत ते त्यालाच समजलं नाय. अंग आधी घाबरतं, मानूस मागनं."

रात्री घरी गेल्यावर मी आडवी पडले आणि पंख्याकडे बघत राहिले. त्या माणसाला मी "घरी जा" म्हणणार होते. माझं बोट हिरव्यावर होतं.

कंपनीचे एक सर दर महिन्याला यायचे. तरुण, सभ्य, प्रत्येक वाक्यात "आपण टीम आहोत" म्हणणारे. माणूस वाईट नव्हता बिचारा. त्यांनी एकदा सुचवलं की रॅक बाहेर काढू, जागा मोकळी होईल, दिसतंही बरं नाही.

"रॅक गेला तर मी पन जातंय," ताई म्हणाल्या.

"मॅडम, ट्रायाज, म्हणजे आधी कोणाला घ्यायचं ते, टॅब ठरवतो ना."

"टॅबला भ्या वाटतं का?"

रॅक राहिला.

त्या नुसत्या घाबरट होत्या असं मात्र समजू नका. गर्दी हाकण्यात ताईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. रोज येणारे पाच-सहा रिटायर्ड आजोबा होते, बीपी मोजायला म्हणून सकाळी आठला दारात हजर. ताई त्यांचे बूट बघायच्या. "मोजे घातलेत, नाडी बांधलीय, पालिश केलंय. याला काय झालेलं नाय. याच्याशी घरात सून बोलत नाय." टॅब त्यांना हिरवा म्हणायचा, ते भांडायचे, सकाळचा अर्धा तास त्यात जायचा. ताईंनी काय केलं, त्यांची दुपारी चारची बैठक लावून दिली. सगळ्यांनी एकदम यायचं, एकमेकांचं बीपी एकमेकांनी मोजायचं, चहा प्यायचा, डॉक्टर मधे पाच मिनिटं डोकावणार. सकाळची गर्दी झटक्यात निवळली. आजोबांचं बीपीसुद्धा उतरलं हो! सरांनी त्या बैठकीचे फोटो काढले, कुठल्याशा सादरीकरणात दाखवले, आणि खाली ताईंचं नाव घालायचं विसरले. ताई म्हणाल्या, "बरंच झालं. नाव आलं की मागनं काम येतं."

संध्याकाळचं एक काम मात्र त्यांनी स्वतःच्या अंगावर ओढून घेतलं होतं. शटर ओढायच्या आधी दिवसभरातल्या प्रत्येक हिरव्याला फोन. कंपनीने तीन दिवसांनी फोन करायला सांगितलेला. ताईंना तीन दिवस धीर धरवायचा नाही. "जेवलास का? पानी प्यालास का? आता श्वास कसा हाय, एक ते वीस बोल बघू मोठ्यानं." फोनवर माणूस वीसपर्यंत एका दमात गेला की त्या माझ्याकडे बघून मान हलवायच्या. आणि जो फोन उचलायचा नाही, त्याच्या घरावरून आम्ही दोघी घरी जायचो.

एकदा गावठाणातली एक म्हातारी फोन उचलेना. सकाळी चक्कर येते म्हणून आलेली, हिरवी झालेली, मीच पाठवलेली. चारदा फोन केला. आम्ही निघालो. ताई पुढे, मी मागे, आणि त्या इतक्या भरभर चालत होत्या की मला त्यांच्यामागे पळावं लागत होतं. घराला बाहेरून कडी. शेजारी कुणी नाही. मी म्हटलं, ताई, आत पडल्या असतील तर बाहेरून कडी कशी? "बोलू नको," त्या म्हणाल्या, "बोलू नको, मना ऐकू येत नाय." पुढच्या आळीत कुणाचीतरी हळद होती, डीजे असा की भिंती थरथरत होत्या. तिथे चौकशी करायला शिरलो तर मांडवाच्या मधोमध आमची चक्करवाली म्हातारी! पदर खोचून, दोन्ही हात वर करून नाचतेय!

ताईंनी तिला मांडवातून ओढत बाहेर काढलं आणि काय तासलं म्हणता! "मेले, फोन घरात ठेवून नाचतेस? मी तुजी तिरडी बांधायला आलेले!" म्हातारी म्हणाली, "अगो पन तुमीच सांगलात ना, काय झालं नाय म्हनून." ताई तिथेच, त्या डीजेच्या दणदणाटात, खांबाला टेकून रडायला लागल्या. मी आजवर कुणाला असं रडताना पाहिलेलं नाही. हसत हसत रडत होत्या आणि म्हातारी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

परत येताना मी विचारलं, इतकं का घेता मनाला? तेव्हा त्यांनी ती गोष्ट सांगितली. नव्या नव्या लागलेल्या असताना त्यांची जाऊ दवाखान्यात आली. डॉक्टर नुकतेच निघून गेलेले. जावेच्या पायात नवऱ्याच्या, मोठ्या चपला होत्या. फटक फटक वाजत होत्या. ताईंना हसू फुटलं. जाऊही हसली, म्हणाली, माझ्या होत नाहीत, चावतात. ताईंनी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना निरोप आला.

"पाय सुजलेले गो तिचे. हृदयात पानी भरलेलं. म्हनून सोताच्या चपला होत नव्हत्या. नि मी हासले. नवऱ्याच्या चपला घालून आली म्हनून हासले." नंतर डॉक्टरांनी त्यांना शिकवलं होतं, नडगीवर अंगठा दाबून धरायचा, सोडला की खड्डा राहतो का बघायचं. खड्डा राहिला तर पाणी आहे. ताईंनी रस्त्यातच थांबून माझ्या पायावर अंगठा दाबून दाखवला. "बघ, तुजा भरला. भरला तर देवाला हात जोडायचा."

तेव्हापासून तो रॅक. आधी चपला बाहेर पायरीवर काढायचे, ताईंनी डॉक्टरांशी भांडून रॅक आत आणवला, स्वतःच्या खुर्चीतून दिसेल असा.

आता गेल्या वर्षीचं सांगते. सांगायला नको वाटतं, पण एवढं ऐकलंत तर ते ऐकायला हवं.

सर आले ते या वेळी गंभीर चेहऱ्याने. त्यांच्याकडे एक यादी असायची, टाळता येण्याजोग्या भरतीची. म्हणजे शुगर, दमा, बीपी, सूज, असं काहीही, जे दवाखान्यात नीट सांभाळलं असतं तर माणूस हॉस्पिटलात गेला नसता असं कंपनी मानते. गेल्या दोन तिमाहींत आमची यादी फारच मोठी झाली होती. सर म्हणाले, या तिमाहीत अजून दोन झाल्या तर वरून आदेश आहे, हे सेंटर बंद करून हायवेपलीकडच्या मोठ्या सेंटरमध्ये घालायचं. कुणालाही अडवा असं ते म्हणाले नाहीत, हे खरं आहे. "फक्त लवकर पकडा," म्हणाले, "केस वाढण्याआधी."

सर गेल्यावर ताई म्हणाल्या, "हायवेपलीकडं? गावातल्या म्हाताऱ्या हायवे कशा वलांडतील?"

पंधरा दिवसांनी ढोकाळीचे एक आजोबा आले, दम्याचे, चारच्या बैठकीतले. नेहमीच्या बुटांच्या नाड्या सुटलेल्या. वाकता येत नव्हतं म्हणून बांधल्याच नव्हत्या. मला भीती वाटली, ताईंच्याही आधी. टॅब पिवळा म्हणत होता. मी ताईंकडे बघितलं. ताई उठल्या.

डॉक्टरांनी तपासलं. मी दारातच उभी होते. ते हळूच म्हणाले, "बाई, इथेच नेब्युलायझर देऊन बघू का संध्याकाळपर्यंत? यांची भरती झाली तर यादीत एक जाईल."

"जाऊ दे," ताई म्हणाल्या. "मना भ्या वाटतं."

आजोबा भरती झाले, आठ दिवसांनी काठी टेकत बैठकीला आले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यादीत एक गेला. आता आणखी एक झाला की दवाखाना बंद.

त्यानंतर ताई मला विचारायला लागल्या, "तिमाही कधी संपते गो?" मी सांगितलं. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, ताई, सांगितलं ना, महिनाअखेर. "हां, हां. महिनाअखेर." मला वाटलं, दवाखान्याची काळजी करतायत. करतच होत्या म्हणा.

एके सकाळी त्या पायात राखाडी रंगाचे जाड रबरी क्रॉक्स घालून आल्या. भोकाभोकांचे, तरुण पोरं घालतात तसे. मी जोरात हसले. "काय ताई, फॅशन! कुणासाठी?"

"पोराचे हायत," त्या म्हणाल्या. "मऊ हायत." आणि त्याही हसल्या.

जावेची गोष्ट मला सांगितली होती त्यांनी. माझ्या नडगीवर अंगठा दाबून शिकवलं होतं. आणि मी हसले! चपला असत्या तर कदाचित कळलं असतं. क्रॉक्स दिसले आणि मला फॅशन सुचली.

दुसऱ्या दिवसापासून त्या मागच्या दाराने यायला लागल्या. त्यांच्याकडे मागची चावी असायचीच. क्रॉक्स मागे मोरीपाशी काढायच्या. माझ्या लक्षात आलं होतं. पुढून आलं की लोक लगेच घेरतात, म्हणून मागून येत असतील, असं मीच मला समजावलं. गावभरच्या चपला ज्या बाईने रॅकवर ठेवायला लावल्या, तिने स्वतःच्या लपवल्या, एवढं साधं माझ्या डोक्यात शिरलं नाही.

त्या फोन बसून करायला लागल्या. घरांवरून जाण्याचं काम माझ्यावर सोपवलं. खुर्चीतून उठताना काउंटर धरायच्या. मी एकदा म्हटलं, "तुमचं बीपी बघू द्या ना डॉक्टरांना."

"मना काय धाड भरलीय?"

मग एका निवांत दुपारी, बाकावर कुणीच नव्हतं, मी गंमत म्हणून टॅब उघडला आणि म्हटलं, चला ताई, आज तुमचा नंबर. नाव भरलं. छातीत दुखतं? नाय. श्वास लागतो? नाय. पायाला सूज? त्यांनी माझ्याकडे बघितलं. पाय काउंटरच्या आड होते. "नाय." रात्री उशीला उशी लावून झोपावं लागतं? "नाय गो, मस्त घोरतंय." हिरवा.

"ताई, तुम्ही हिरव्या!" मी म्हटलं.

"बघ. टॅब सांगतो ते खरं."

टॅबचं खरं मानणारी बाई होती का ती? तीन वर्षांत एकदाही मानलं नव्हतं. मी तरीही हसत विचारलं, "सगळ्यांचं भ्या वाटतं तुम्हाला, स्वतःचं नाही वाटत?"

"मना?" त्या म्हणाल्या. "नाय. मना कसलं भ्या?"

त्यांच्या तोंडून भीती नाही हे शब्द मी त्या एकदाच ऐकले. तिथेच मी उठायला हवं होतं. दार अर्धं उघडायला हवं होतं.

तो रविवार होता. तिमाही संपायला चार दिवस उरले होते. दुपारी बोंबील साफ करायला बसल्या, मुलाला म्हणाल्या, जरा दम घेते, आणि भिंतीला टेकल्या. ओठ निळे पडलेले बघून मुलाने रिक्षा आणली. तो हॉस्पिटलकडे वळवत होता. ताईंनी रिक्षावाल्याचा खांदा धरला आणि म्हणाल्या, हॉस्पिटल नको, आधी डाक्टर. मुलाने ऐकलं. आईचं आणि त्यातून या आईचं न ऐकायची कुणाची हिंमत होती? दवाखान्याला रविवारी कुलूप. रिक्षा शटरसमोर उभी राहिली. मुलाने फोन केला, डॉक्टर घरच्या कपड्यांत पळत आले, मला त्यांनी वाटेतूनच फोन केलेला, मीही पोचले. तोवर आटोपलं होतं.

डॉक्टर रिक्षाशेजारी रस्त्यावर बसले. ताईंचे पाय रिक्षाच्या बाहेर आलेले होते, अनवाणी. डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला आणि सोडला. खड्डा पडला तो तसाच राहिला. ते त्या खड्ड्याकडे बघत म्हणाले, "रोज माझ्यासमोर होत्या गं. रोज दार उघडून माझ्याशी बोलत होत्या."

टॅबमध्ये माझ्या हाताने भरलेला हिरवा होता.

तिमाही संपली. सर आले. भरती झालीच नव्हती, म्हणून यादीत ताईंचं नाव आलं नाही. सेंटर चालू राहणार होतं. सरांनी ते सांगितलं, अभिनंदन म्हणणार होते, म्हणाले नाहीत. जाताना रॅकवरून त्यांचे बूट उचलून हातात घेऊनच बाहेर गेले.

आता ताईंच्या खुर्चीत मी बसते. लोक म्हणतात, ताईंसारखीच वाकून बघतेस. तसं काही नाही. त्यांना वाचता यायचं, मला नुसती धडकी भरते. प्रत्येक सैल चपलेला भरते. संध्याकाळी सगळ्या हिरव्यांना फोन करते, त्यांना वीसपर्यंत मोजायला लावते, आणि कुणी पंधरावर अडखळलं की त्याच्या घरावरून घरी जाते. घरचे म्हणतात, सोड ही नोकरी. दवाखाना राहावा म्हणून एक बाई गप्प राहिली. तो मी कसा सोडू?

महिन्याभरापूर्वी एक सकाळ. बाकडी भरलेली, फोन वाजतोय, मी कुणाचं तरी नाव भरतेय. दार वाजलं म्हणून सवयीने काउंटरवर वाकले. रॅकच्या सगळ्यात खालच्या फळीवर राखाडी क्रॉक्स होते.

पुढचं मी ठरवून केलं नाही. उठले. आतलं दार अर्धं उघडलं. तोंडातून निघालं, "डॉक्टर, मना भ्या वाटतं."

डॉक्टर हातातला पेशंट सोडून उठले. काहीही विचारलं नाही. बाहेर आले. काउंटरशी ताईंचा मुलगा उभा होता, टॉवरच्या लिफ्ट दुरुस्त करतो तो, चांगला धट्टाकट्टा, कामाच्या कपड्यांत.

"आईकडं मागची चावी होती," तो म्हणाला. "ती द्यायला आलेलो."

डॉक्टरांनी रॅककडे बघितलं. मग त्याच्याकडे. "बस रे," ते म्हणाले. "दम घे."

"मना काय झालेलं नाय डाक्टर, मी फक्त चावी..."

"बस म्हटलं ना."

तो बसला. बाकावरची माणसं सरकली. डॉक्टर त्याच्यापुढे जमिनीवर उकिडवे बसले, त्याच्या पँटचा पाय वर केला आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. बराच वेळ धरला. मग सोडला आणि चष्मा वर करून वाकून बघितलं.

खड्डा भरून आला. डॉक्टरांनी त्याला दुसरा पाय पुढे करायला सांगितलं.